गल्ल्यावरच्या माणसासाठी मास्क

दुकानात शिरताना गिऱ्हाइकाने नाक-तोंड झाकावे, ही विनंती मुख्यतः दुकानात दिवसभर बसणाऱ्या माणसासाठी असते. गिऱ्हाईक पाच-दहा मिनिटांत सौदा घेऊन बाहेर पडते. गल्ल्यावरचा मालक, गादीवर बसून साड्या उलगडणारा नोकर आणि मेडिकलच्या काउंटरमागचा औषधविक्रेता मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच चार भिंतींतली हवा घेतात. येणाऱ्या प्रत्येकाचा श्वास त्या हवेत मिसळतो आणि नंतर येणाऱ्या गिऱ्हाइकालाही तीच हवा मिळते. जळगावच्या फुले मार्केटातले दुकान असो की धुळ्याच्या आग्रा रोडवरचे, हा हिशेब सारखाच.

काही काळ ही विनंती कायद्याची सक्ती होती. २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्य सरकारच्या आदेशानुसार मास्क नसलेल्या व्यक्तीला ५०० रुपये दंड होता आणि असे गिऱ्हाईक ज्या दुकानात सापडेल त्या दुकानाला वेगळा १०,००० रुपये. दुकानदार दारातच अडवत होते, त्यामागे हेही कारण होते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. त्यानंतरही सर्दी-तापाची साथ आली की मेडिकलवर, दवाखान्यात आणि काही दुकानांत ‘कृपया मास्क लावा’ ही पाटी दिसते. कोरोना गेला, आता कशाला, असे विचारले जाते. फ्लू, गोवर आणि क्षयरोग हेही श्वासावाटेच पसरतात आणि त्यांतला एकही गेलेला नाही, हे त्याचे उत्तर.

याबाबत सर्वांत चिवट गैरसमज एकच आहे: ‘मला खोकला नाही, मग मास्क कशाला?’ अहिराणीत तो तीन शब्दांत सांगितला जातो, ‘माले काय व्हस?’ म्हणजे मला काय होतंय! पण लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत मधे काही दिवस जातात. फ्लूचा रुग्ण ताप येण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून आणि कोरोनाचा रुग्ण एक-दोन दिवस आधीपासून विषाणू बाहेर टाकू लागतो. त्या दिवशी तो धडधाकट असतो, बाजारात फिरतो, मोठ्याने भाव करतो. कोण निरोगी आणि कोण उद्या आजारी पडणार, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. डॉक्टरलाही नाही, दुकानदाराला तर नाहीच. म्हणून साथीच्या दिवसांत विनंती सर्वांना सारखीच करावी लागते. तीत कोणावर संशय नसतो.

दुकानाची जागा संसर्गाला सोयीची असते. श्वासातून आणि बोलण्यातून सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब हातभर-दोन हातांवर खाली पडतात. बारीक कण बंद जागेत बराच वेळ तरंगत राहतात. आवाज चढला की त्यांची संख्या कितीतरी वाढते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात माहेरवाशिणींच्या साड्यांसाठी कापड दुकानात जी गर्दी होते, तिचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बाहेर पारा चाळिशीच्या वर गेल्यामुळे काचेचे दार बंद, आत एसी सुरू, एका गादीभोवती सात-आठ जणी दाटीने बसलेल्या, समोर हातभर अंतरावर नोकर आणि अर्धा-पाऊण तास चाललेली घासाघीस. एसी हवा थंड करतो. दुकानांत सर्रास दिसणारा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो.

याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. तालुक्याच्या गावातला एक किराणा दुकानदार, वय अठ्ठावन्न, मधुमेह जुना. हिवाळ्यात एक ओळखीचे गिऱ्हाईक शिंकत आले, काउंटरसमोरच्या पोत्यावर बसून अर्धा तास गप्पा मारून गेले. गळ्यात रुमाल होता, तो गळ्यातच राहिला. तीन दिवसांनी दुकानदाराला ताप आला. लागण त्याच गिऱ्हाइकाकडून झाली, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. दुकानात दिवसभरात शंभर माणसे येतात. पुढे जे झाले ते मात्र टाळता आले असते. मेडिकलवरून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या झाल्या. मग गावातल्या बोगस डॉक्टरकडून एक इंजेक्शन आणि ‘अंगात ताकद यावी’ म्हणून एक सलाईन. सातव्या दिवशी तो दवाखान्यात आला तेव्हा पायरी चढताना थांबत होता आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ८८ होता. ऑक्सिजन आणि योग्य उपचार मिळाल्यावर तो बरा झाला. मुलाने दुकानात मास्कची पाटी लावली, तेव्हा जुनी गिऱ्हाइके नाराज झाली: चाळीस वर्षांची ओळख, आता तोंड झाकून यायचे का? ओळख चाळीस वर्षांची आहे म्हणूनच तोंड झाकायचे, एवढेच त्यांना सांगण्यासारखे आहे.

दुसरी चूक खान्देशात घरोघरी आहे: रुमाल. येथे उन्हात रुमाल, उपरणे किंवा स्कार्फ बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही आणि ते योग्यच आहे. रुमाल ऊन अडवतो, रस्त्यावरची धूळ अडवतो, जिनिंगमधला कापसाचा तंतू बऱ्यापैकी अडवतो, कारण हे कण मोठे असतात. श्वासातले बारीक कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. सुती विणीची भोके त्याहून कितीतरी मोठी. रुमाल उन्हाकडे धरून पाहावा. वीण जाळीसारखी दिसते. २०२१ च्या त्या आदेशातही रुमालाला मास्क मानले जाणार नाही, असे स्पष्ट लिहिले होते. तिपदरी सर्जिकल मास्कच्या मधल्या पदरात आणि एन-९५ मध्ये अतिशय बारीक तंतूंचा विद्युतभारित थर असतो. तो कणांना ओढून धरतो. हा भार साबणाने किंवा स्पिरिटने धुतल्यावर निघून जातो. म्हणून असा मास्क धुऊन पुन्हा वापरणे म्हणजे साधे फडके तोंडाला बांधणे आहे. झडप असलेला मास्क दुकानात निरुपयोगी, कारण लावणाऱ्याचा उच्छ्वास तिच्यातून न गाळता बाहेर पडतो.

मास्क लावण्यातल्या चुकाही रोजच्याच आहेत. तो नाकाखाली ओढलेला असतो, हनुवटीवर लटकवलेला असतो, फोन आला की बोलण्यासाठी खाली घेतला जातो. म्हणजे ज्या क्षणी गरज सर्वांत जास्त, त्याच क्षणी तोंड उघडे. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे दुकानाच्या दाराशी खिळ्याला टांगलेला एकच मास्क. जो येईल त्याने तो लावायचा, सौदा घ्यायचा आणि जाताना पुन्हा खिळ्याला अडकवायचा. दहा जणांच्या तोंडाची ओल लागलेला तो मास्क लावण्यापेक्षा दाराबाहेर उभे राहून यादी देणे शंभर पटींनी बरे. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने तिपदरी मास्कची कमाल किंमत ४ रुपये ठरवली होती. ही वस्तू स्वस्त आहे; दुकानदाराने पाकीटच ठेवावे आणि विसरलेल्याला नवा द्यावा.

मास्कने ऑक्सिजन कमी होतो, ही भीती निराधार आहे. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू मास्कच्या छिद्रांपुढे इतके लहान आहेत की ते सहज आरपार जातात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि परिचारिका तासन्‌तास मास्क लावून काम करतात. गुदमरल्यासारखे वाटते ते उष्णतेने आणि ओलीने; मास्क ओला झाला की बदलावा, एवढाच त्यावर उपाय. मोबाइलवर फिरणारा कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगण्याचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. तिच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही आणि विषाणू मरत नाही. लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येऊ शकतात. मास्कमध्ये कापूर ठेवणे आणि मुलांच्या गळ्यात पुरचुंडी बांधणे ताबडतोब थांबवावे.

त्या किराणा दुकानदाराने केले तसे आधी औषध आणि मग डॉक्टर, ही सवय जुनी आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, लाखो लोकांनी शहर सोडले आणि मेडिकलच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. खान्देशातली असंख्य कुटुंबे सुरतेत कामाला असल्याने ती धास्ती इकडच्या घरांनाही माहीत आहे: तोंडाला रुमाल आणि खिशात चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या. प्लेग जिवाणूचा रोग आहे, तेथे योग्य अँटिबायोटिक जीव वाचवते. फ्लू आणि कोरोना विषाणूचे आहेत, त्यांवर ते चालत नाही. स्टेरॉइडचे इंजेक्शन ताप लगेच उतरवते, म्हणून लोकांना ते आवडते. मधुमेहींमध्ये ते साखर भडकवते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) अनेकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यामागे वाढलेली साखर आणि गरज नसताना दिलेले स्टेरॉइड ही मोठी कारणे होती.

मास्क किती उपयोगी पडतो, याचेही मोजमाप झाले आहे. बांगलादेशातील ६०० गावांत सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवर मोठी चाचणी झाली. काही गावांत मास्क वाटले आणि लोकांना आग्रह केला. तेथे मास्क नीट लावणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. दहातल्या जेमतेम चौघांनी लावूनही सर्जिकल मास्कच्या गावांत लक्षणांसह कोरोनाची लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाली, साठीच्या पुढच्यांमध्ये ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा तितका स्पष्ट फायदा दिसला नाही. मास्क हे कवच नाही. तो धोका कमी करतो, आणि म्हाताऱ्यांचा धोका सर्वांत जास्त कमी करतो. गल्ल्यावर बहुधा घरातले वडीलधारेच बसलेले असतात, हे येथे लक्षात घ्यावे.

याचा अर्थ चोवीस तास मास्क लावून फिरावे असा नाही. शेतात, मोकळ्या रस्त्यावर, एकट्याने गाडी चालवताना त्याची गरज नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आग्रह करू नये. दोन वर्षांखालील बाळाला तर लावूच नये. ज्याला दम लागला आहे किंवा ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्यालाही लावू नये. साथ नसताना निरोगी माणसाने मास्कविना खरेदी केली तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र शिंका, खोकला किंवा ताप असेल तर घरी थांबावे, फोन करून सामान मागवावे. जावेच लागले तर मास्क लावूनच आणि बोलणे आटोपते ठेवून जावे. दुकानदारानेही दार किंवा खिडकी उघडी ठेवावी आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. मास्क हा खेळत्या हवेला पर्याय नाही.

बहुतेक सर्दी-ताप आराम, पाणी आणि पॅरासिटामॉलवर चार-पाच दिवसांत बरे होतात. पुढील लक्षणे दिसली तर मात्र घरी थांबू नये: बसल्या जागी दम लागणे, ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, बरळणे किंवा ग्लानी, तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप, उतरून पुन्हा चढलेला ताप. लहान मुलांचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखालील बाळात ६०, एका वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. मधुमेही, गरोदर स्त्रिया, दमेकरी आणि साठीच्या पुढच्यांनी तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दाखवावे.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त ही क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी खोकल्याच्या बाटल्या बदलत बसणे हा घरातल्यांवर आणि दुकानातल्यांवर अन्याय आहे. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फतही ती सोय होते. तपासणीचा निकाल येईपर्यंत आणि उपचार सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील तोपर्यंत, बंद जागेत मास्क उतरवू नये.