खिशातला रेकॉर्डर : पैसे कोठे घालावेत, कोठे वाचवावेत

व्यापारात भाव तोंडी ठरतो, मालाची मागणी तोंडी होते आणि वायदाही बहुधा तोंडीच होतो. आमच्या कापडाच्या धंद्यात सकाळी पाहिलेल्या ग्रे कापडाचा पन्हा आणि दुपारी दलालाने सांगितलेला भाव संध्याकाळी वही उघडेपर्यंत डोक्यात सांभाळावा लागतो. मध्ये दहा गिऱ्हाइके येऊन जातात. मीटरमागे दोन रुपयांचा फरक झाला, तर हजार मीटरला दोन हजार रुपये जातात. कारागीर बांधवांची अडचण याहून मोठी. हात रंगाने किंवा तेलाने भरलेले असताना पेन कोण उचलणार? अशा वेळी खिशातला छोटा रेकॉर्डर उपयोगी पडतो. मात्र तो घेताना काय पाहावे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे आधी समजून घेतले पाहिजे.

सर्वप्रथम आपला मोबाइल पाहावा. त्यात आवाज नोंदवण्याची सोय बहुधा असतेच. दिवसाला दोन-चार नोंदींत ज्याचे काम भागते, त्याने नव्या यंत्रावर पैसे घालवू नयेत. वेगळे यंत्र घ्यावे ते ज्याला दिवसभर नोंदी कराव्या लागतात, ज्याचा फोन सारखा वाजतो किंवा ज्याला न पाहता, एका अंगठ्याने बटण दाबायचे आहे त्याने.

टेपचे यंत्र घ्यावे काय?

फिलिप्स कंपनीची कॅसेट 1963 साली आली. खिशात मावणारी मायक्रोकॅसेट ऑलिम्पस कंपनीने 1969 साली काढली. मोठ्या कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर धावते, मायक्रोकॅसेटची 2.4 किंवा 1.2. साठ मिनिटांच्या मायक्रोकॅसेटवर 2.4 च्या वेगाने एका बाजूस अर्धा तास आवाज बसतो, 1.2 ने एक तास. पण वेग कमी केला की आवाज अस्पष्ट होतो.

आज असे यंत्र जुन्या मालातच घ्यावे लागते. स्वस्त मिळाले तरी घेण्यापूर्वी ते चालवून पाहावे. आतला रबरी पट्टा वर्षांनुवर्षे पडून राहिल्याने सैल किंवा चिकट होतो आणि मग आवाज लांबतो किंवा थरथरतो. नवी फीत सहज मिळत नाही. शिवाय एक नोंद शोधण्यासाठी सारी फीत मागेपुढे करावी लागते. म्हणून टेपची आवड असेल तर गोष्ट वेगळी; धंद्यासाठी साधा डिजिटल रेकॉर्डरच घ्यावा, असे आम्ही सुचवतो.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट बटण. रेकॉर्डचे बटण इतर बटणांपेक्षा हाताला वेगळे लागले पाहिजे आणि नोंद सुरू झाल्याचा लाल दिवा दिसला पाहिजे. खिशात चुकून दाबले जाऊ नये म्हणून कुलपाची कळ, म्हणजे 'होल्ड', हवी.

दुसरी गोष्ट बॅटरी. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक सेलवर चालणारे यंत्र प्रवासात सोयीचे. आतली बॅटरी काढता येत नसेल, तर ती संपली की यंत्रही संपले.

तिसरी गोष्ट साठवण. यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. 128 केबीपीएसच्या एमपी3 नोंदीस मिनिटाला सुमारे 1 एमबी जागा लागते, म्हणजे 4 जीबीत सुमारे 69 तास बसतात. संगीताच्या दर्जाच्या पीसीएम नोंदीस मिनिटाला सुमारे 10 एमबी लागते. भाव-पन्हा नोंदवण्यासाठी एमपी3 पुरे. फाइल नेहमीच्या यूएसबी वायरने संगणकावर उतरते की नाही, एवढे मात्र दुकानातच पाहून घ्यावे.

चौथी गोष्ट तारीख-वेळ. सेल बदलल्यावर घड्याळ बरोबर राहते काय, हे विचारावे. तारीख नसलेली नोंद व्यापाऱ्याच्या फारशी कामाची नाही.

आवाज ऐकताच आपोआप सुरू होणारी सोय अनेक यंत्रांत असते. ती पहिला शब्द गिळते आणि मागांच्या खडखडाटात थांबतच नाही. ती बंद ठेवावी. यंत्र तोंडापासून वीतभर अंतरावर धरले आणि माइक कमी संवेदनशीलतेवर ठेवला, तर कारखान्यातही बोलणे स्पष्ट उतरते. विकत घेण्यापूर्वी दुकानाच्या दारात, रस्त्याच्या गोंगाटात, दोन वाक्ये बोलून ऐकावीत.

बोलावे कसे?

प्रत्येक नोंदीत एकच क्रम ठेवावा : पार्टीचे नाव, माल, पन्हा, मीटर, भाव, वायद्याची तारीख. एका सौद्याची एक नोंद. आकडा दोनदा सांगावा, आणि दुसऱ्यांदा सुटा सुटा. मराठीत एकोणसाठ व एकोणसत्तर, उर्दूत उनसठ व उनहत्तर ऐकताना सहज मिसळतात. 'पाच-नऊ', 'सहा-नऊ' मिसळत नाहीत. आपल्या बाजारात सौदा एका भाषेत आणि वही दुसऱ्या भाषेत असते, तेथे ही सवय फार कामी येते.

नोंद म्हणजे पावती नव्हे

येथे व्यापारी बांधवांनी विशेष सावध राहावे. महाराष्ट्रातील एका लाचेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली टेपवरील संभाषण पुराव्यात ग्राह्य धरले, हे खरे. पण त्यासाठी आवाज कोणाचा, नोंद केव्हा व कोठे झाली आणि तिच्यात फेरफार नाही, हे सिद्ध करावे लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार डिजिटल नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्रही द्यावे लागते. उधारीच्या वादात 'माझ्याकडे आवाज आहे' म्हणून निर्धास्त बसणे धोक्याचे आहे. सहीची पावती, बिल आणि चलन यांची जागा रेकॉर्डर घेऊ शकत नाही.

दुसऱ्याचे बोलणे नोंदवायचे असेल तर त्याला सांगून, त्याच्या इजाजतीने नोंदवावे. चोरून घेतलेला आवाज एकदा उघड झाला, की त्या बाजारात कोणी मोकळेपणाने भाव सांगणार नाही, आणि गेलेला विश्वास पैशाने परत मिळत नाही. बहुतेक वेळा याची गरजही नसते. सौदा झाल्यावर बाहेर येऊन आपणच आपल्या आवाजात सारे सांगून ठेवावे.

रोज दुकान बंद करण्यापूर्वी सर्व नोंदी ऐकून वहीत उतरवाव्यात, पार्टीला भाव-मीटर कळवून खात्री करून घ्यावी आणि मगच नोंद पुसावी. ज्याची वही रोज पूर्ण होते, त्याला साधे यंत्रही पुरते. ज्याची होत नाही, त्याचे महागडे यंत्रही न ऐकलेल्या नोंदींनी भरून जाते.