कामाची रांग

कापडी पिशव्या तयार करण्याचा एक लहान कारखाना डोळ्यांसमोर आणा. तेथे तीन कारागीर रांगेत बसले आहेत. पहिला कापड कापतो. एका पिशवीसाठी त्याला २ मिनिटे लागतात. दुसरा ती शिवतो, त्याला ५ मिनिटे लागतात. तिसरा बंद लावून घडी घालतो, त्याला ३ मिनिटे लागतात. सांगा, तासाला किती पिशव्या तयार होतील?

कापणारा तासाला ३० पिशव्या कापू शकतो. पण ३० हे उत्तर चूक आहे. शिवणारा तासाला १२ पिशव्याच शिवतो, म्हणून बाहेरही १२ च पडतात. सुरईत पाणी कितीही असो, मानेतून जेवढे येईल तेवढेच पेल्यात पडते. उरलेल्या कापडाचा ढीग शिवणाऱ्यापुढे साचतो. तो ढीग पाहून मालक त्याच्यावरच रागावतो. खरे तर तिघांत क्षणभरही उसंत नसलेला तोच! बंद लावणारा प्रत्येक पिशवीमागे २ मिनिटे रिकामा बसतो, त्याला मात्र कोणी बोलत नाही.

आता शिवायला आणखी एक माणूस बसवा. दोघे मिळून तासाला २४ पिशव्या शिवतील. तरी बाहेर २० च येतील, कारण कोंडी आता बंद लावणाऱ्यापाशी सरकली. शिवायला तिसरा माणूस ठेवला, तर एकही पिशवी वाढणार नाही. म्हणूनच कारखान्याची आखणी करणारे अभियंते आधी घड्याळ लावून प्रत्येक कामाचा वेळ मोजतात आणि कोंडीची जागा शोधतात. मग प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ सारखा वेळ येईल, असे काम वाटून देतात.

याचा प्रसिद्ध दाखला म्हणजे अमेरिकेतील हेन्री फोर्ड यांचा हायलंड पार्क येथील मोटारींचा कारखाना. १९१३ मध्ये तेथे मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागावर, प्रयोग सुरू झाला. एक कामगार एकटा तो जुळवी, तेव्हा सुमारे २० मिनिटे लागत. तेच काम २९ जणांत वाटले, तेव्हा एका मॅग्नेटोमागे १३ मिनिटे १० सेकंद लागू लागले. पुढे १९१४ मध्ये काय केले असेल? कामाची रांग ८ इंच उंच केली, एवढेच! कामगारांचे वाकणे वाचले आणि वेळ ७ मिनिटांवर आला.

मोटारीचा सांगाडा जुळवायला पूर्वी १२ तासांहून अधिक वेळ लागे. सांगाडा एका जागी उभा असे. मग सांगाडाच पुढे सरकू लागला, कामगार आपापल्या जागी उभे राहिले आणि सुटे भाग त्यांच्या हाताशी आले. १९१४ मध्ये हा वेळ १ तास ३३ मिनिटांवर आला. उंच आणि ठेंगण्या कामगारांसाठी वेगवेगळ्या उंचीच्या रांगाही केल्या होत्या.

पण दिवसभर तोच एक नट आवळणे कोणाला आवडेल? कामगार भराभर नोकरी सोडून जाऊ लागले. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी कामाचा दिवस ९ तासांवरून ८ तासांवर आणला आणि काही अटींवर रोज ५ डॉलर मजुरी जाहीर केली. ही मजुरी पूर्वीच्या सुमारे दुप्पट होती. तेव्हा कोठे माणसे टिकू लागली.

सगळ्याच धंद्यांत अशी सरळ रांग जमत नाही. मालेगाव किंवा भिवंडीचे यंत्रमाग पाहा. सुताला खळ लावण्याचे काम सायझिंगमध्ये होते आणि विणण्याचे काम मागांच्या शेडमध्ये. एक सायझिंग अनेक मागवाल्यांचे काम करते, म्हणून सुताचे बीम टेम्पोतून न्यावे लागतात. ते टाळणे अवघड आहे. मात्र शेडच्या आत बीम कोणत्या वाटेने यावेत आणि विणलेले तागे कोणत्या वाटेने जावेत, हे आपल्या हातात असते.

आता वही घ्या. तुमच्या घराजवळची बेकरी मालकाची परवानगी घेऊन पाहा आणि तिचा नकाशा काढा. पिठाची पोती कोठून येतात, कणीक कोठे मळली जाते, भट्टी कोठे आहे, पाव कोठून बाहेर जातात, हे बाणांनी दाखवा. जेथे बाण एकमेकांना छेदतात, तेथे लाल पेन्सिलीने खूण करा. मग भट्टी न हलवता त्यांतील किती खुणा पुसता येतील, ते शोधा.