मुक्या पाहुण्याची पहिली रात्र

मार्वेहून खाडी ओलांडून मनोरीच्या घरी आणलेले मांजरीचे पिल्लू पहिल्या रात्री रडते. तो हट्ट नव्हे. आई, भावंडे व ओळखीचा वास एकाच दिवशी सुटल्याचे ते दुःख असते.

एका स्त्रीने मांजरीला कोंडले, तिला अन्न दिले नाही आणि स्वतः भक्ष्य शोधण्यासही मोकळे सोडले नाही. त्यापायी ती शिक्षेस पात्र ठरली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत नमूद आहे. दोष केवळ दार लावण्याचा नव्हता. कोंडून गरजा नाकारण्याचा होता. म्हणून पिलाला रात्री लहान, सुरक्षित खोलीत ठेवण्यास हरकत नाही. परंतु तेथे पाणी, शौचासाठी वाळूचे पसरट भांडे व उबदार अंथरूण हवे.

आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. आईचा वास असलेले फडके अंथरुणात ठेवावे. इशाच्या नमाजनंतर थोडे खेळवून मग खाऊ घालावे. खेळ, आहार व निद्रा हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. गाईचे दूध व खारवलेली सुकी मासळी मात्र देऊ नये. रडल्यास रागावू नये. क्षणभर शांतपणे जवळ बसावे.

ह. अबू कतादा (रजि.) यांनी मांजरीला पाणी पिता यावे म्हणून वुजूचे भांडे तिरके धरले होते. आपली मुले दयेचा हा धडा पुस्तकाआधी आपल्या हातांकडे पाहून शिकतील.