जुनी भुतं, नवे रंग

जपानचे चित्रकार तोरियामा सेकिएन यांचं भुताखेतांचं सचित्र पुस्तक १७७६ साली निघालं. विसाव्या शतकात शिगेरु मिझुकी यांनी त्यातली कितीतरी भुतं नव्याने काढली. युद्धात डावा हात गमावलेल्या या माणसाने ती घराघरांत पोचवली.

आपलं जुनं चित्र संगणकावर रंगवायचंय? स्कॅन केलेल्या रेषांचा लेयर सर्वांत वर ठेवून ‘मल्टिप्लाय’ करा. कागदाचा पांढरा रंग दिसेनासा होतो, काळी रेघ राहते. खाली एका लेयरवर सपाट रंग, त्यावर वेगळ्या लेयरवर सावली. उजेड कुठून येतो, ते आधी ठरवा.

रंग चुकला तर लेयर पुसता येतो. कच्ची रेघ मात्र रंगाने झाकत नाही. म्हणून आधी चित्र पुन्हा काढा, मगच रंगवा.