घड्याळ उचलून नेता आलं तर?

आमच्या हॉस्टेलचं गेट रात्री दहाला बंद होतं. पण दहा कोणाचे? वॉचमनकाकांच्या घड्याळाचे की माझ्या मोबाईलचे? या तीन मिनिटांच्या वादात मी एकदा बाहेरच राहिलो आणि तेव्हापासून घड्याळांबद्दल वाचायला लागलो. (कॉन्व्हेंटवाला आहे, मराठीच्या चुका पोटात घाला!)

घड्याळ म्हणजे ठरावीक वेळाने होणारी हालचाल आणि ती मोजायची सोय. मनगटावरचं क्वार्ट्झ सेकंदाला 32,768 कंपनं करतं. 1967 पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूवरून होते: 9,19,26,31,770 आवर्तनं म्हणजे एक सेकंद. ही झाली मायक्रोवेव्ह. ऑप्टिकल घड्याळात तिच्या जागी प्रकाश येतो. पुण्याच्या ‘आयुका’त डॉ. सुभदीप डे यांचा गट यटर्बियम आयनवर असं घड्याळ उभारतोय. निर्वात पेटीत विद्युतक्षेत्राने अडकवलेला एक आयन आणि त्याच्याशी सूर जुळवलेला लेझर. आवर्तनं सेकंदाला सुमारे 642 लाख कोटी, म्हणजे सीझियमच्या जवळजवळ 70 हजार पट! पट्टीवर रेघा जितक्या बारीक, तितकं माप नेमकं.

मग अडचण काय? लेझर, आरसे, पंप मिळून खोली भरते. म्हणून जगभर ते लहान आणि दणकट करायची धडपड चालू आहे. जपानमध्ये टोकियो स्कायट्रीवर नेलेल्या अशा घड्याळाचे निकाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे 450 मीटर उंचीवरचं घड्याळ खालच्यापेक्षा दिवसाला सुमारे 4 नॅनोसेकंद पुढे गेलं. आईनस्टाईनच म्हणून गेले होते, उंचावर गुरुत्वाकर्षण कमी, तिथे काळ जलद!

आता आपलं नागपूर घ्या. एक घड्याळ झिरो माईलपाशी, दुसरं सीताबर्डीच्या टेकडीवर, मध्ये ऑप्टिकल फायबर. दोघांतल्या फरकावरून टेकडीची उंची सेंटिमीटरपर्यंत सांगता येईल. पण त्यासाठी घड्याळ टेकडीवर चढायला हवं ना!

हा नुसता हौसेचा मामला नाही. 2016-17 मध्ये आपल्या आयआरएनएसएस-1ए उपग्रहावरची तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळं बंद पडली. उपग्रह आकाशात होता, पण ठिकाण सांगायला निकामी. कारण एक मायक्रोसेकंद चुकला की अंतर 300 मीटरने चुकतं. 29 मे 2023 ला गेलेल्या एनव्हीएस-01 वर भारतीय रुबिडियम घड्याळ बसलं. म्हणजे घड्याळ स्वतःला बनवता यायला हवं, आणि ते प्रयोगशाळेबाहेरही टिकायला हवं. हे दुसरं काम इंजिनिअरचं, म्हणजे आपलंच!

वॉचमनकाकांचं घड्याळ मात्र अजून तीन मिनिटं पुढेच आहे.