श्वासनलिकेची वेगळी फांदी आणि भूल

“ऑपरेशन पोटाचे, मग भूलतज्ज्ञांना छातीचे जुने रिपोर्ट कशाला हवेत?” असे रुग्णांचे नातेवाईक मला पुष्कळदा विचारतात. त्याचे एक कारण आज पाहू.

मुख्य श्वासनलिका छातीत उतरली की तिला दोन फाटे फुटतात, एक उजव्या फुफ्फुसाकडे व दुसरा डाव्या. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड असतात. त्यातल्या वरच्या खंडाची नळी एरवी उजव्या फाट्यातून निघते. काही जणांत मात्र ती दुभाजनाच्या वरच, थेट मुख्य श्वासनलिकेतून निघते. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर यांच्यात ही रचना नेहमीचीच. माणसात ते जन्मजात वेगळेपण. सँडिफोर्ट यांनी १७८५ साली त्याचे वर्णन केले. हजारात एकापासून शंभरात दोघांपर्यंत ते आढळते.

बहुतेकांना याचा आयुष्यभर त्रास होत नाही. काही मुलांना मात्र उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. माझ्याकडे येणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलीचे असेच होत होते. सी.टी. स्कॅनमध्ये ही फांदी दिसली.

पूर्ण भूल देताना बहुधा श्वासनलिकेत नळी घालतात. तिच्या टोकाजवळचा फुगा या फांदीच्या तोंडाशी आला, तर वरच्या खंडात हवा जात नाही व तो खंड आक्रसतो. नळीचे टोक फांदीतच शिरले, तर हवा त्या एका खंडालाच मिळते आणि बाकीचे फुफ्फुस उपाशी राहते. दोन्ही वेळी रक्तातला प्राणवायू घटू शकतो. कल्पना असेल, तर भूलतज्ज्ञ नळी थोडी वर ठेवतात व दुर्बिणीतून तिची जागा तपासतात. त्या मुलीचे पुढे हर्नियाचे ऑपरेशन ठरले, तेव्हा आईने स्कॅनचा रिपोर्ट आधीच दाखवला. भूलतज्ज्ञांनी त्याप्रमाणे तयारी केली आणि ऑपरेशन सुखरूप पार पडले.

तेव्हा एवढे करा. मुलाला एकाच जागी वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर कारण शोधायला सांगा. छातीचे स्कॅन व एक्स-रे जपून ठेवा. रिपोर्टमध्ये श्वासनलिकेचे काही वेगळेपण लिहिले असेल, तर ऑपरेशन लहान असो वा मोठे, भूलतज्ज्ञांना ते न विचारता सांगा. घाबरून ऑपरेशन टाळू नका. आधी कळलेल्या गोष्टीवर उपाय असतो.