ओस्वाल्ड सशाचा डबा : संग्रह कसा करावा?



गेल्या सत्रात आठवीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने पत्र्याचा एक चकचकीत डबा आणला. त्याच्या अमेरिकेतल्या मामांनी तो बऱ्याच वर्षांपूर्वी घेतला होता आणि गेल्या सुट्टीत भाच्याला भेट दिला. आत दोन डीव्हीडी आहेत हे वरच्या मजकुरावरून कळत होते; पण डब्यावरचे प्लास्टिकचे वेष्टन अजून फाडलेले नव्हते. डब्यावर त्या प्रतीचा क्रमांक होता. मुलाने विचारले, "बाई, हा उघडला तर याची किंमत कमी होईल. मग उघडावा की नाही?"

प्रश्न साधा वाटला, तरी त्यातून संग्रहशास्त्राचा एक पूर्ण पाठ तयार झाला. तो पाठ सर्व वर्गांसाठी, तसेच सुज्ञ पालक व विश्वस्त मंडळी यांच्यासाठी येथे देत आहे.

१. हा डबा कसला?

वॉल्ट डिस्ने (१९०१ ते १९६६) यांच्या चित्रसंस्थेने 'वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स' नावाची डीव्हीडी संचांची मालिका काढली. पहिले ४ संच डिसेंबर २००१ मध्ये आले व शेवटचे २००९ मध्ये. एकूण सुमारे ३० संच निघाले. प्रत्येक संच पत्र्याच्या डब्यात, मर्यादित प्रतींत व क्रमांकासह विकला जाई. सोबत प्रमाणपत्र व एखादे छापील चित्र असे. चित्रपटांचे इतिहासकार लेनर्ड माल्टिन प्रत्येक संचाच्या आरंभी पडद्यावर येऊन माहिती सांगत.

प्रती मर्यादित का? लहान मुलांना आवडणारे मोठे चित्रपट लाखोंनी खपतात. परंतु १९३० च्या आसपासचे ७-८ मिनिटांचे कृष्णधवल बोलपट, जुने दूरदर्शन कार्यक्रम किंवा युद्धकाळातले प्रचारपट कोण घेणार? अभ्यासक आणि हौशी लोकच. म्हणून थोड्या प्रती काढायच्या, त्या नीट सजवायच्या आणि पुन्हा काढायच्या नाहीत, असा तो व्यवहार होता. माल संपला की जुन्या बाजारात किंमत चढे. येथूनच "डबा उघडू नये" हा विचार निघतो.

२. क्रमाचे महत्त्व

या मालिकेतून शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे क्रम. डोनाल्ड बदकाचे ४ संच निघाले. त्यांत १९३४ पासून १९६१ पर्यंतचे त्याचे लघुपट कालक्रमाने लावले आहेत. एखादा लघुपट सुटा पाहिला तर फक्त हसू येते. क्रमाने पाहिले तर १९३४ चा लांब चोचीचा, बारीक मानेचा डोनाल्ड हळूहळू गोलसर कसा झाला, हे आपल्या डोळ्यांनी दिसते. क्रम लावला की त्याच वस्तू अधिक बोलू लागतात.

मिकी माऊसचे मात्र उलट झाले. त्याचे रंगीत लघुपट आधी, २००१ मध्ये आले आणि १९२८ पासूनचे कृष्णधवल लघुपट नंतर, २००२ मध्ये. रंगीत व कृष्णधवल मिळून त्याचे ४ डबे झाले. ते निघाले त्या क्रमाने नव्हे, तर चित्रपटांच्या सालाप्रमाणे फळीवर लावायचे, हे संग्राहकाने स्वतः ठरवावे लागते.

३. न पटणाऱ्या गोष्टींचे काय?

जुन्या लघुपटांत कृष्णवर्णीयांची किंवा इतर देशांच्या लोकांची टिंगल करणारी चित्रे आढळतात. आज ती आपल्याला बोचतात, आणि बोचलीच पाहिजेत. काही संचांत असे लघुपट वेगळ्या विभागात ठेवले असून माल्टिन त्याआधी सांगतात की हे कोणत्या काळचे आहे आणि यात चूक काय आहे. ते कापून टाकले नाहीत, आणि काही न बोलता पुढेही केले नाहीत. इतिहासाच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी ही रीत आहे.

४. हरवलेला ससा

आता आपल्या वर्गात आलेल्या डब्याकडे वळू. त्यात ओस्वाल्ड नावाच्या सशाचे मूक लघुपट आहेत.

१९२७ मध्ये वॉल्ट डिस्ने व त्यांचे सहकारी अब आयवर्क्स यांनी हा ससा निर्माण केला. लघुपट लोकांना आवडले. १९२८ च्या आरंभी डिस्ने अधिक मोबदला मागण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. तेथे वितरक चार्ल्स मिंट्झ यांनी उलट कमी पैसे देऊ केले. सशाचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे होते आणि डिस्नेंचे बरेचसे चित्रकारही मिंट्झ यांनी आपल्याकडे वळवले होते. डिस्ने रिकाम्या हाताने परतले. आयवर्क्स मात्र त्यांच्याबरोबर राहिले. त्यानंतर दोघांनी मिळून मिकी माऊस घडवला आणि १८ नोव्हेंबर १९२८ रोजी 'स्टीमबोट विली' न्यूयॉर्कमध्ये झळकला.

ससा जवळजवळ ७८ वर्षे परक्या घरी राहिला. २००६ मध्ये डिस्ने कंपनीने आपल्याकडील एका प्रसिद्ध क्रीडा समालोचकाला दुसऱ्या वाहिनीकडे जाऊ दिले आणि त्या बदल्यात इतर गोष्टींबरोबर ओस्वाल्डचे हक्क परत मिळवले. डिसेंबर २००७ मध्ये त्याचा डबा निघाला.

पण डिस्नेंनी केलेल्या २६ लघुपटांपैकी या डब्यात फक्त १३ आहेत. वर्गात लगेच प्रश्न आला, "बाकीचे कुठे गेले?"

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि नीट न ठेवल्यास चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांना कोणी विचारीना. ते सांभाळण्याचा खर्च कंपन्यांना नकोसा झाला आणि कित्येक प्रती मुद्दाम नष्ट केल्या गेल्या. ज्या वाचल्या त्या कुठे, कोणाकडे, कोणत्या नावाने पडून आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते.

५. यादीची करामत

या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. डबा निघाल्यावर पुढच्या काळात आणखी काही लघुपट सापडले. कसे, ते पाहा.

२०१४ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 'एम्प्टी सॉक्स' मिळाला. तोपर्यंत त्याचा केवळ काही सेकंदांचा तुकडा माहीत होता. ग्रंथालयातील कर्मचारी जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याची नोंद करीत होते. त्या कामात तो हाती आला.

२०१५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात 'स्ले बेल्स' असल्याचे उघड झाले. एक अभ्यासक संग्रहाची सूची चाळत होता. नाव सूचीत होतेच; ते महत्त्वाचे आहे हे ओळखणारा वाचक तोवर आला नव्हता.

तिसरी गोष्ट तुम्हां मुलांसाठी. जपानमधील एका मुलाने शाळेत असताना ओसाकातील खेळण्यांच्या बाजारातून घरी दाखवायची एक छोटी फिल्म घेतली. तिच्यावर नाव भलतेच होते, आणि त्यात मिकीचा उल्लेख होता. तो मुलगा पुढे अॅनिमेशनचा इतिहासकार झाला. फिल्म त्याने सुमारे ७० वर्षे जपली. हरवलेल्या ओस्वाल्डपटांविषयी एक पुस्तक निघाले, ते वाचताना त्याला आपल्या फिल्मची आठवण झाली. तपासणीअंती ती 'नेक अँड नेक' असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. मूळ लघुपटाचा थोडाच भाग त्यात आहे. पण काहीच नव्हते तेथे तो भाग आला.

तिन्ही ठिकाणी वस्तू आधीपासून सुरक्षित होती. ती सापडली, कारण कोणी तरी नोंद केली, किंवा काय हरवले आहे त्याची यादी दुसऱ्यापर्यंत पोहोचवली. म्हणून ध्यानात ठेवा : आपल्याजवळ काय आहे ही संग्रहाची अर्धी वही, आणि काय नाही ही उरलेली अर्धी.

६. हे आपल्या घरचेही आहे

हे दुखणे अमेरिकेपुरते नाही. दादासाहेब फाळके तरुणपणी आपल्या बडोद्यातील कलाभवनात शिकले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. त्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' ४ रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातील पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे असल्याचे सांगितले जाते. तीदेखील १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. फाळक्यांनी आगकाड्या एकेक सरकवून, चित्र घेत घेत त्यांना पडद्यावर नाचवले होते. तो 'आगकाड्यांची मौज' आज उपलब्ध नाही.

७. चकती कशी जपावी?

कारखान्यात छापलेली डीव्हीडी १२ सेंटिमीटर व्यासाची व १.२ मिलिमीटर जाडीची असते. आतल्या चकाकत्या थरावरील सूक्ष्म खड्डे लेसरचा किरण वाचतो. घरी भरलेल्या डीव्हीडीत मात्र खड्ड्यांऐवजी रंगद्रव्याचा थर असतो. तो ऊन, उष्णता व दमट हवा यांनी लवकर बिघडतो. त्यासाठी काही नियम :

• चकती कडेने व मधल्या भोकाने धरावी. तिच्या तळाला बोट लावू नये.
• डबी पुस्तकासारखी उभी ठेवावी. एकावर एक चळत रचू नये.
• पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे, गोल फिरवू नये.
• चकतीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. मजकूर डबीवर व वहीत लिहावा.
• घरी भरलेल्या चकतीची दुसरी प्रत काढून निराळ्या जागी ठेवावी आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहाव्यात.

आणखी एक अडचण असते. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले आहेत. अमेरिकेचा विभाग १, भारताचा ५. म्हणून अमेरिकेतला संच येथील साध्या यंत्रावर बहुधा चालत नाही. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण साधारणपणे ५ वेळाच. पालकांनी परदेशातून संच मागवण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

८. डबा उघडला का?

त्या विद्यार्थ्याने मामांना दूरध्वनी करून विचारले. मामा म्हणाले, "अरे, मी पाहायलाच घेतला होता. वेळच झाला नाही." मग वेष्टन फाडले. शाळेच्या यंत्राने चकती स्वीकारली नाही. शेवटी एका जुन्या संगणकावर ती चालली आणि वर्गाने १९२७ चा ससा पाहिला. डब्याची किंमत काही रुपयांनी उतरली असेल. मात्र ३८ मुलांनी तो पाहिला, हीही नोंद वहीत केली आहे.

बडोदेकरांना हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभी केली. त्या योजनेत पुस्तके लाकडी पेट्यांत भरून खेडोपाडी फिरवीत. पेटी जितक्या गावांत उघडे तितका तिचा उपयोग. बंद पेटीचे कौतुक त्या योजनेत नव्हते.

९. आपले कपाट

आता विश्वस्त मंडळास व पालकांस एक विनंती. शाळेच्या कचेरीतील लोखंडी कपाटात स्नेहसंमेलनांच्या व्हीएचएस फिती व घरगुती डीव्हीडी आहेत. अनेकींवर साल नाही. काहींवर फक्त 'गॅदरिंग' एवढेच लिहिले आहे. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कारखान्याने २०१६ मध्येच उत्पादन थांबवले. जी यंत्रे चालू आहेत ती बंद पडण्याआधी या फिती संगणकावर उतरवायला हव्यात. त्यांत आपल्या माजी शिक्षकांचे आवाज आहेत, येथील मराठी नाटुकली आहेत, आणि मराठी मुलुखाबाहेर चार पिढ्या टिकलेली आपली बोली आहे. तिची प्रत दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. मर्यादित आवृत्ती म्हणावी तर ही, एकाच प्रतीची!

पहिले काम मात्र खर्चाचे नाही. आठवी व नववीचे विद्यार्थी वहीत दोन रकाने पाडणार आहेत : 'आहे' आणि 'नाही'. 'नाही'चा रकाना याच वार्तापत्रात छापला जाईल. आपल्या घरी एखादी फीत, फोटो वा कार्यक्रमपत्रिका असल्यास वर्गशिक्षकांना कळवावे. वस्तू तुमचीच राहील; आम्हांला प्रत पुरे.

स्वाध्याय

१. ओस्वाल्डचे लघुपट हरवण्याची दोन कारणे लिहा.
२. 'नेक अँड नेक' सापडण्यात पुस्तकाचा वाटा कोणता होता?
३. घरातील एका संग्रहाची (नाणी, तिकिटे, पत्रे, फिती) कालक्रमाने यादी करा. मधे कोणती वर्षे रिकामी राहिली ते लाल शाईने दाखवा.
४. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या शाळेच्या दिवसांतली कोणती वस्तू जपायला हवी होती आणि जपली गेली नाही? पाच ओळींत लिहा.